सगळे शिव्या घालतात, तरी ती मालिका एक नंबरवर कशी?

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर गुरुवारी टीआरपीची यादी येऊन पडते, पुण्याची नणंद टाकते, आणि मग रात्री साडेदहापर्यंत नुसता धुरळा. बडोद्याचे भाऊजी म्हणतात ही मालिका कोण बघतं, डोकं फिरलंय का लोकांचं. ग्वाल्हेरच्या मावशी म्हणतात मी तर बंदच केली, ती सून दुसऱ्यांदा हरवली तेव्हापासून. आणि आमच्या सासूबाई इथे इंदूरला माझ्या शेजारी सोफ्यावर बसून मला सांगतात, "लिही माझ्या नावाने, एवढी रडारड आम्ही खऱ्या आयुष्यात केली नाही." सगळ्यांचं एकमत. आणि यादीत तीच मालिका परत पहिली.

मागच्या महिन्यात भाच्याने सरळ विचारलं, मामी तू गणित शिकवतेस ना, मग सांग, ही यादी खोटी असते का? आपल्यातलं कोणीच बघत नाही मग बघतं कोण? प्रश्न चांगला आहे, आणि मालिकेपुरता नाही, कारण हेच भांडण आपण निवडणुकीच्या एक्झिट पोलवर करतो, सिनेमाच्या शंभर कोटींवर करतो, रामायण किती लोकांनी बघितलं त्याच्यावरही करतो. म्हणून जरा पहिल्यापासून सांगते.

मोजतं कोण ते आधी. भारतात टीव्हीचं बघणं मोजणारी संस्था म्हणजे बार्क, पूर्ण नाव ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. ही सरकारी नाही. चॅनलवाले, जाहिरात देणाऱ्या कंपन्या आणि जाहिरात एजन्सी या तिघांच्या संघटनांनी मिळून ती काढली, त्यात चॅनलवाल्यांचा हिस्सा ६० टक्के आणि बाकी दोघांचा २०-२०. आकडे द्यायला तिने २०१५ मध्ये सुरुवात केली, त्याच्याआधी टॅम नावाची कंपनी मोजायची. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होतो, शुक्रवारी संपतो, आणि आकडे येतात पुढच्या गुरुवारी, म्हणून आमच्या ग्रुपवर भांडणाचा वार गुरुवार.

मोजतात कसं, तर काही निवडक घरांत टीव्हीजवळ एक छोटं मीटर ठेवतात. चॅनल आपल्या आवाजात एक खूण मिसळून पाठवतं, आपल्या कानाला ती ऐकू येत नाही पण मीटरला येते, आणि त्यावरून त्याला कळतं की आत्ता या टीव्हीवर अमुक चॅनल चालू आहे. हे झालं टीव्हीचं. समोर बसलंय कोण हे मीटरला आपोआप कळत नाही, त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर एक-एक बटण दिलेलं असतं. आजी बसली की आजीचं बटण दाबायचं, उठली की परत दाबायचं. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्रणेचा शेवटचा धागा कोणीतरी बटण दाबण्यावर अडकलेला आहे, आणि भाजी करपायला लागली की आमच्याकडे तरी बटण कोणाला आठवणार नाही. मोजणारे लोक हे ओळखून असतात, घरांशी संपर्क ठेवतात, विचित्र दिसणारे आकडे बाजूला काढतात, पण ही जागा कच्ची आहे हे लक्षात ठेवायला पाहिजे.

आता अशी घरं किती? देशात टीव्ही असलेली घरं बार्कच्याच २०२० च्या अंदाजाप्रमाणे साधारण २१ कोटी. आणि मीटरवाली घरं साधारण ५५ हजार. भागाकार केला तर जवळजवळ ३,८०० घरांमागे एक मीटर. हा आकडा ग्रुपवर टाकला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "बघ, म्हणूनच सगळं खोटं, आमच्या घरी तर कधी कोणी विचारायलाही आलं नाही." भाऊजींनी तर लिहिलं की २१ कोटी घरांचं मत ५५ हजार घरं कशी काय ठरवणार.

इथे मला थांबून नीट सांगायचंय, कारण आपल्याकडे याच गोष्टीसाठी म्हण आहे आणि ती आपण नुसती बोलण्यात वापरतो, हिशोबात वापरत नाही. शितावरून भाताची परीक्षा. गणपतीत आमच्या मंडळाचा महाप्रसाद असतो, तेव्हा आचारी केवढाल्या पातेल्यात भात लावतात. भात झाला का हे बघायला आचारी पातेलंभर भात खात नाही. चार-पाच शितं बोटांत दाबतो आणि सांगतो, अजून पाच मिनिटं. आणि पातेलं दुप्पट मोठं असेल तर शितं दुप्पट घेतो का? नाही घेत. तेवढीच घेतो.

सँपलचं गणित बरोब्बर असंच चालतं. अंदाज किती चुकेल हे तुम्ही किती शितं घेतली त्यावर ठरतं, पातेलं केवढं आहे त्याचा जवळजवळ काही संबंध नाही. सोडत काढल्यासारखी, कुठलीही आवडनिवड न करता ४०० माणसं निवडली तर अंदाज साधारण ५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, १,००० निवडली तर ३ टक्के, १०,००० निवडली तर १ टक्का. ही १,००० माणसं एकट्या इंदूरसाठी असोत नाहीतर पूर्ण देशासाठी, चूक तेवढीच. माझ्या वर्गात मुलांना हे पटायला दोन तास लागतात, मोठ्यांना त्याहून जास्त, पण हे आहे असंच. म्हणून ५५ हजार घरं कमी नाहीत. पूर्ण देशाचं चित्र काढायला ती भरपूर आहेत.

पण आचाऱ्याची दुसरी गोष्ट विसरायची नाही. तो शितं घेण्याआधी झारा तळापर्यंत घालून भात हलवतो. वरचा भात मोकळा, मधला ओला, तळाचा लागलेला, आणि नुसती वरची शितं घेतली तर परीक्षा चुकणारच, मग पाच घ्या की पाचशे. टीव्हीच्या मोजणीत ढवळणं म्हणजे सगळ्या प्रकारची घरं त्यांच्या प्रमाणात घेणं. शहर-गाव, लहान कुटुंब-मोठं कुटुंब, घरात कोणती भाषा, आणि ऐपत. ऐपत ठरवायला हे लोक पगार विचारत नाहीत, कारण खरा पगार कोण सांगणार. घर चालवणाऱ्या माणसाचं शिक्षण बघतात आणि ११ वस्तूंच्या एका यादीतल्या किती वस्तू घरात आहेत ते मोजतात, फ्रिज, वॉशिंग मशीन अशा. त्यावरून घराचा वर्ग ठरतो.

हे ढवळणं किती महत्त्वाचं आहे ते २०१५ मध्ये दिसलं. त्याच्याआधी मीटर शहरांतच होते, गावं त्या मोजणीत नव्हतीच. ऑक्टोबर २०१५ पासून गावांचे आकडे यायला लागले आणि यादी उलटीपालटी झाली, जी फुकट दिसणारी चॅनलं शहरातल्या कोणाच्या गिनतीत नव्हती, जिथे जुन्या मालिका परत दाखवायचे, ती एकदम वर आली. लोक रातोरात बदलले नव्हते. ते आधीपासून तेच बघत होते, झारा तिथपर्यंत पोचत नव्हता.

आता आमच्या फॅमिली ग्रुपकडे या नजरेने बघा. ३४ माणसं, सगळी एकमेकांची नातेवाईक, बहुतेक सगळी शिकलेली, शहरातली, आणि त्यातली लिहिणारी सात-आठच. ती पण कोण, तर ज्यांना काहीतरी फार आवडलंय किंवा ज्यांचं डोकं फिरलंय ती. ज्यांना मालिका बरी वाटते, जी रात्री पोळ्या लाटता लाटता तिच्याकडे बघतात, ती माणसं कधी टाइप करत नाहीत. इंटरनेटवरचे स्टार, एका सिनेमाला दहापैकी दहा नाहीतर दहापैकी एक, तेही असेच, आपण होऊन बोलायला आलेल्या लोकांचे. ते मत खोटं नाही, ज्याचं आहे त्याचं खरंच आहे. पण ते वरचं शीत आहे. त्यावरून पूर्ण पातेल्याबद्दल बोलता येत नाही.

पुढे, टीआरपीचा आकडा स्वतः काय आहे. बहुतेकांना वाटतं टीआरपी ६ म्हणजे शंभरातल्या ६ लोकांनी मालिका बघितली. अगदी तसं नाही. एक छोटं उदाहरण घ्या. एका मोहल्ल्यात १०० माणसं, मालिका ३० मिनिटांची. १० जणांनी पूर्ण ३० मिनिटं बघितली, म्हणजे ३०० मिनिटं. २० जणांनी अर्धीच बघितली, १५-१५ मिनिटं, म्हणजे आणखी ३००. एकूण ६०० मिनिटं. त्याला मालिकेच्या ३० मिनिटांनी भागा, आले २०. म्हणजे कुठल्याही एका मिनिटाला सरासरी २० माणसं टीव्हीसमोर होती, टीआरपी २०. पण डोकावून गेलेली माणसं एकूण किती? ३०. या तिसाला रीच म्हणतात. एकच मालिका, एकच रात्र, आकडे दोन, दोन्ही खरे. चॅनलची जाहिरात बघाल तर त्यात कायम मोठावाला आकडा असतो, "इतक्या कोटी लोकांनी पाहिलं," आणि जाहिरातीचे पैसे ठरवायला बसले की जाहिरात देणारा मिनिटांचा आकडा काढतो.

रामायणाचं भांडणही मोजण्यावरूनच झालं. रामानंद सागरांचं रामायण जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ दर रविवारी सकाळी लागायचं, माझ्या सासूबाई सांगतात की तेव्हा राजवाड्यापासून पार रामबागेपर्यंत रस्ते मोकळे असायचे, ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात अख्खी आळी बसलेली, टीव्हीला हार घालून उदबत्ती लावायचे लोक. ते मोजायला तेव्हा मीटर नव्हते, घरोघर डायऱ्या भरून घ्यायचे, आणि डायरीत एका टीव्हीसमोर बसलेली आळी कशी मावणार. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, २८ तारखेपासून दूरदर्शनने तेच रामायण परत सुरू केलं आणि जाहीर केलं की १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, हा जगातला विक्रम आहे. लगेच लोकांनी दाखवून दिलं की अमेरिकेत १९८३ मध्ये मॅश नावाच्या मालिकेचा शेवटचा भाग १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता.

ग्रुपवर तेव्हा हे प्रकरण धर्मावर गेलं, कोण श्रद्धाळू आणि कोण नाही इथपर्यंत, दोन माणसं ग्रुप सोडून गेली. मला आजही वाईट वाटतं त्याचं. कारण वाद मोजमापाचा होता. एका देशाच्या मीटरवरून काढलेला आकडा आणि दुसऱ्या देशाचा सदतीस वर्षांपूर्वीचा आकडा, दोन्ही वेगळ्या पद्धतीने काढलेले, ते शेजारी ठेवून मोठं कोण हे ठरवताच येत नाही. सासूबाईंची त्या रविवारची श्रद्धा यातल्या कुठल्याच आकड्यात नाही, ती कमी-जास्तही होत नाही.

आता भाच्याचा मूळ प्रश्न. सगळे शिव्या घालतात तरी एक नंबर कशी?

तर पहिलं म्हणजे मीटर मत विचारत नाही, वेळ मोजतं. सासूबाई बरोबर आठ वाजता ती मालिका लावतात, पूर्ण अर्धा तास तिला बोलत बोलत बघतात, जाहिरातीत सुद्धा चॅनल बदलत नाहीत कारण बदललं तर तेवढ्यात सुरू व्हायची. आमच्याकडे मीटर असतं तर ३० पैकी ३० मिनिटं जमा. कौतुकाने बघितलेली ३० मिनिटं आणि चिडून बघितलेली ३० मिनिटं मीटरला सारखीच.

इंदूरच्या माणसाला हे लवकर समजायला पाहिजे, कारण आपण दुसरी पद्धत बघितलेली आहे. २०२४ च्या लोकसभेला इथे काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, आणि निकालात नोटाला २,१८,६७४ मतं पडली, देशातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. जिंकणारा उमेदवार ११ लाख ७५ हजारांच्या वर मतांनी जिंकला, निकाल काही बदलला नाही, पण दोन लाखांहून जास्त लोक घरातून उठून उन्हात जाऊन "यातलं कोणी नको" म्हणून आले आणि ते लिहून ठेवलं गेलं. ते बटण पण आपल्याला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मिळालं. टीव्हीच्या रिमोटवर तसलं बटण नाही. तिथे "नको" म्हणायची एकच रीत, बंद करणे किंवा दुसरीकडे जाणे. मावशींनी खरंच बंद केली तेव्हा त्यांनी नापसंती दाखवली, सासूबाईंनी आठ वाजता लावून शिव्या दिल्या तेव्हा नाही दाखवली. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प होत्या.

दुसरं, एक नंबर म्हणजे बहुमत नाही. समजा पहिल्या मालिकेचा टीआरपी आला ६. मग कुठल्याही मिनिटाला सरासरी शंभरातले ९४ लोक ती बघत नाहीयेत, कोणी दुसरं काही बघतंय, कोणी झोपलंय, कोणी इथल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खातंय. दुसरीचा ५.८, तिसरीचा ५.५, म्हणून सहावाली पहिली. तुमच्या ओळखीत कोणीच ती बघत नसेल तर त्यात आश्चर्य काही नाही, शंभरातल्या चौऱ्याण्णवांत तुमचे सगळे नातेवाईक आरामात बसतील. निवडणुकीतही आपण हे विसरतो. २०१४ मध्ये भाजपला २८२ जागा मिळाल्या तेव्हा मतं होती ३१ टक्के, १९८४ मध्ये काँग्रेसच्या ४०० च्या वर जागा आल्या तेव्हा पण मतं निम्म्याच्या जरा खालीच. मग दोन्ही वेळेला लोक विचारतात, "माझ्या ओळखीत तर कोणीच दिलं नाही, मग आले कसे?"

एक्झिट पोलवर थोडंच बोलते. शितं तीच, आचारी वेगळे. पण तिथे दोन जास्तीच्या अडचणी आहेत. मीटर आवाजातली खूण ऐकतं, पोलवाल्याला माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायला लागतो, आणि बूथबाहेर अनोळखी माणसाला कोण खरं सांगेल आणि कोण घाबरून गप्प बसेल हे सगळीकडे सारखं नसतं. आणि मतांचा अंदाज जमला तरी मतांवरून जागा काढणं फार नाजूक, एक-दोन टक्के इकडचे तिकडे झाले की पन्नास जागा हलतात. २००४ मध्ये पोल चुकले, २०२४ मध्ये बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या वर दाखवलं आणि आल्या २९३. त्यावरून सँपल म्हणजेच फसवणूक असं म्हणू नका, ढवळणं नीट झालं नाही असं म्हणा.

फसवणूक कुठे होते ते पण सांगायला पाहिजे, आणि ती न्यूजमध्ये जास्त का होते ते गणितात आहे. मालिका खूप घरं बघतात, चार मीटरवाल्यांना पैसे देऊन मालिकेचा आकडा हलत नाही, त्यासाठी फार घरं विकत घ्यायला लागतील. न्यूज चॅनल बघणारे त्या मानाने थोडे. त्यातलं एखादं विशिष्ट चॅनल एखाद्या शहरात मोजक्याच मीटरवाल्या घरांत लागत असेल, तर दहा-बारा घरांनी दिवसभर तेच लावून ठेवलं तरी आकडा कुठल्या कुठे जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी हाच आरोप केला, की मीटरवाल्या घरांना पैसे देऊन काही चॅनलं चालू ठेवायला सांगितलं. त्यानंतर बार्कने न्यूजचे आकडे देणंच थांबवलं, ते परत सुरू झाले मार्च २०२२ मध्ये, आणि तेव्हापासून एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी देतात, म्हणजे एका आठवड्याच्या उड्या त्यात दिसत नाहीत. तो खटला नंतर मागे घेतला गेला, तरी कच्ची जागा कुठे आहे हे सगळ्यांना कळलं.

दुसरी युक्ती तुम्ही स्वतः रोज बघता. सेट टॉप बॉक्स चालू केला की आपण न लावलेलं एक चॅनल आपोआप लागतं ना, त्याला लँडिंग पेज म्हणतात, त्या जागेचे चॅनलवाले पैसे मोजतात. आपण रिमोट शोधेपर्यंत तेच चालू, तेवढं बघणं खात्यात. टीव्ही आणि फोनवाल्यांसाठी नियम करणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये ते बंद करायला सांगितलं होतं, पण टीडीसॅट या न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. बार्क म्हणतं आम्ही असले आकडे गाळून घेतो. मला स्वतःला वाटतं की ही गोष्ट सरळ बंदच झाली पाहिजे, गाळण्याचा प्रश्नच येऊ नये.

आणि एवढं सगळं करायचं कशासाठी, तर जाहिरातीसाठी. नियमाने एका तासात १२ मिनिटं जाहिरात दाखवता येते, त्यातली दोन चॅनलच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. जाहिरातीचा भाव दहा-दहा सेकंदांच्या हिशोबाने ठरतो, आणि तो ठरवताना विचारतात की एका टीआरपीमागे किती रुपये पडले. मिनिटं विकली जातात, म्हणून मिनिटं ताणली जातात. ब्रेकच्या आधी ढगांचा गडगडाट, एकाच वाक्यावर सहा चेहरे, लग्नाची एक वरात तीन आठवडे, हे लेखकाला सुचत नाही म्हणून असतंच असं नाही, ते तुम्ही उठू नये म्हणून असतं. न्यूजमध्ये सहा खिडक्यांत सहा माणसं एकदम ओरडतात ते पण त्याच्यासाठीच. शांतपणे बोलणाऱ्यावरून माणूस रिमोट फिरवतो, भांडणावर थांबतो. गल्लीत भांडण झालं तर आपण पण गॅलरीत येतोच.

सिनेमाचं उलटं आहे, तिथे पैसे आधी आणि मत नंतर. तिकीट काढलं, आत बसलो, सिनेमा रद्दी निघाला, तरी गल्ल्यात माझे दोनशे रुपये जमा झाले ते झाले. म्हणून पहिल्या तीन दिवसांचा गल्ला लोकांची उत्सुकता सांगतो, दुसऱ्या आठवड्याचा लोकांचं मत. शंभर कोटी ऐकलं तर आधी विचारा कर धरून की कर काढून, भारतातले की जगातले. आणि मराठी सिनेमाला इथे एखादाच शो मिळतो, तोही दुपारी, त्याचा गल्ला बघून "इंदूरला मराठी चालत नाही" म्हणणं म्हणजे चूल न पेटवता भात कच्चा म्हणण्यासारखं आहे.

इथे माझी स्वतःची गोष्ट येते, आणि हे सगळं मी खणून काढलं ते त्याच्यामुळेच. मागच्या वर्षी आमच्या केबलच्या पॅकमधून सासूबाईंचं मराठी चॅनल गायब झालं. विचारायला गेले तर मुलगा म्हणाला, "भाभी, मराठी यहाँ देखता कौन है." मला इतकं लागलं ते. मध्य प्रदेशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १२ लाखांच्या आसपास लोकांनी मातृभाषा मराठी लिहिली आहे. होळकरांच्या गावात, जिथे सानंद या संस्थेच्या मराठी नाटकांना लोक कुटुंबाच्या कुटुंब घेऊन येतात, तिथे विचारतात कोण बघतं.

पण मग मी विचार केला, तो मुलगा कुठून बोलतोय? बार्कने देशाचे बाजार पाडले आहेत. मराठी चॅनलांची जी यादी दर गुरुवारी फिरते ती महाराष्ट्र-गोवा या बाजाराची. आपलं इंदूर-ग्वाल्हेर येतं मध्य प्रदेश-छत्तीसगडमध्ये, म्हणजे हिंदीच्या बाजारात, आणि बडोदा येतं गुजरातमध्ये. तर सासूबाई, मावशी आणि भाऊजी, तिघांच्याही घरी उद्या मीटर बसलं तरी नणंदेच्या त्या यादीत तिघांचंही एक मिनिट दिसणार नाही. आणि या भागात मीटरवाल्या घरांतली मराठी घरं निघणार किती, बोटांवर मोजण्याएवढी, तेवढ्या शितांवरून कोणी भात सांगूही नये. मोजणीत दिसत नाही म्हणून केबलवाल्याला वाटतं आपण नाहीच.

एक रस्ता मात्र आहे आणि तो मीटरपेक्षा आपल्यासाठी खरा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमाप्रमाणे कुठलंही पैसेवालं चॅनल आपल्याला सुटं, त्याच्या नावाने मागता येतं, पॅकच घेतला पाहिजे असं नाही. आणि कोणत्या चॅनलचे किती ग्राहक आहेत याचा रिपोर्ट केबल आणि डिशवाल्यांना चॅनलवाल्यांकडे दर महिन्याला द्यायला लागतो, कारण पैसे त्याच्यावर ठरतात. हे सँपल नाही, इथे शीत-भात काही नाही, एक घर म्हणजे एक घर. आपण पॅकमधून फुकटात आलेलं बघतो तेव्हा आपण त्या गर्दीत विरघळून जातो, नावाने मागतो तेव्हा एक आकडा वाढतो.

मोबाइलवर बघणाऱ्यांचं अजून वेगळं, ते टीआरपीत येतच नाही. माझी मुलगी तीच मालिका दुसऱ्या दिवशी फोनवर दीडपट वेगाने बघते, ते त्या अॅपवाल्याला सेकंदासकट माहीत असतं, बार्कला नाही. तिथे सँपल लागतच नाही, कारण प्रत्येक फोन स्वतःच सांगतो. फक्त तो आकडा कंपनीच्या घरात राहतो, किती सांगायचा आणि कसा मांडायचा हे तीच ठरवते, आणि बाहेरून तपासणारं कोणी नाही.

तर भाच्याला मी असं लिहिलं, की यादी खोटी नाही रे, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तू विचारतोस लोकांना काय आवडतं, ती सांगते महाराष्ट्रात आणि गोव्यात टीव्हीसमोर कोण किती वेळ बसलं. त्याने विचारलं मग आपल्याला काय आवडतं ते कोण सांगणार. मी म्हटलं आपणच, ग्रुपवर, पण "सगळ्या लोकांना" असं लिहू नकोस, "मला" लिही. सासूबाईंनी गेल्या सोमवारी ती मालिका आठ वाजता लावली नाही. त्याऐवजी मराठी गाण्यांचा कार्यक्रम लावला आणि मधे दोनदा विचारलं, तिकडे काय झालं असेल गं.

केबलच्या त्या मुलाकडे मी आमच्या गल्लीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या मराठी घरांची यादी नेली होती, नऊ घरं, प्रत्येकाची सही. चॅनल चार दिवसांनी सुरू झालं. अजून दोन काकू राहिल्यात, एक उज्जैनला लेकीकडे गेलीय आणि एकीला तिच्या मुलाला विचारायचंय, त्यांचे फॉर्म शनिवारी घेऊन जायचेत.